झाडांनी दाखवलेला कात्रजचा घाट

एखाद्यानं आपल्याला सफाईनं चकवलं की पुणेकर म्हणतात, "कात्रजचा घाट दाखवला की रे त्यानं!" यामागची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १६६३ सालचा एप्रिल, म्हणजे आपला चैत्र. शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्ताखानावर छापा घातला, खानाची बोटं तुटली आणि मोगलांची फौज खवळून पाठलागावर निघाली. सांगतात असं, की मावळ्यांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून ठेवले होते. काळोखात ते पेटले, फौज उजेडाच्या रोखानं घाटाकडे धावली आणि महाराज दुसऱ्याच वाटेनं सिंहगडाकडे निघून गेले. धापा टाकत घाटात पोचलेल्या फौजेला काय सापडलं? बैल.

त्या घाटातली झाडं हीच युक्ती अजून दरवर्षी करतात. आणि यात फसतं कोण? आपण तर फसतोच, पण मोठमोठे कवीसुद्धा फसतात.

कवींना एक जुनी खोड आहे. खोड छान आहे, ती जाऊ नये. पण माणसाचं आयुष्य म्हटलं की त्यांना हटकून ऋतू आठवतात. बालपण म्हणजे वसंत, भर उमेदीची वर्षं म्हणजे ग्रीष्म आणि वर्षा, मग जरा निवांत शरद, आणि केस पांढरे झाले की हेमंत-शिशिर. आपल्या रोजच्या बोलण्यातही म्हाताऱ्या माणसाला पिकलं पान म्हणतातच. म्हणजे तुम्ही वसंत आणि तुमची आजी शिशिर. ठरलं तर!

थांबा. इतक्या लवकर ठरवायचं नाही. आपण कात्रजच्या डोंगरात जाऊन ही उपमा तपासून बघू. "कविता अशी तपासायची असते का?" असं तुमच्या मराठीच्या बाई विचारतील. त्यांना सांगा, कवितेला काही होत नाही, ती चांगली टणक असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे माघ-फाल्गुनात, जुन्या बोगद्याकडे चढत जाणाऱ्या रस्त्यानं बघत चला. पावसाळ्यात ज्या उतारांवर हिरव्याशिवाय दुसरा रंग नव्हता, तिथे आता वाळलेलं गवत आणि नुसत्या काड्या. शिशिर चालू आहे. झाडं मेल्यासारखी उभी. आणि मध्येच एखाद्या निष्पर्ण, काटेरी झाडाच्या फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलं. तो पांगारा. जवळपास काटेसावर असेल, तिची फुलं गुलाबी-लाल, जाड पाकळ्यांची, खाली पडली तर धप्प आवाज होईल इतकी जड. आणि केशरी दिसला तर तो पळस. पान एक नाही आणि फुलांनी झाड पेटलेलं. पलिते अगदी!

आता प्रश्न असा, की डोंगर कोरडा ठाक असताना या फुलांना पाणी मिळतं कुठून? पाऊस तर जूनमध्ये येणार.

उत्तर पानांच्या नसण्यात आहे. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून त्यातलं बहुतेक हवेत सोडून देतं. पावसाळ्यात ही उधळपट्टी परवडते. थंडी सरता सरता जमीन सुकते, तेव्हा परवडत नाही. मग झाड पानंच गाळून टाकतं. पाणी बाहेर जायची दारं बंद झाली, की मुळांतून जे थोडंफार येतं ते खोडातच साचायला लागतं. पांगारा आणि काटेसावर यांचं लाकूड हलकं, मऊ असतं, त्यात पाणी चांगलं मुरतं. त्या साठ्यावर कळ्या फुलतात. म्हणजे पानं गळली "तरी" फुलं आली, असं नाही. पानं गळली "म्हणून" फुलं आली.

शिवाय पानांचा आडोसा नसल्यामुळे ती फुलं लांबून दिसतात. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे, सगळे मध प्यायला येतात. डोक्याला परागकण फासून घेतात आणि ते पुढच्या झाडावर नेऊन पोचवतात. एका पांगाऱ्यावर सकाळी इतका कलकलाट असतो, की याला शिशिर म्हणणाऱ्या कवीला त्या झाडाखाली दहा मिनिटं बसवलं पाहिजे.

थंड देशांमध्ये गोष्ट निराळी आहे. तिथली झाडं बर्फाच्या आधी पानं गाळतात आणि पुढे कित्येक महिने गप्प राहतात. तिथल्या कवीला पानगळ बघून आयुष्याची अखेर आठवली, तर त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे पानगळ होते ती पाणी कमी पडल्यामुळे. जुनी पानं अजून खाली पडताहेत तोवर वर फुलं येतात. त्यानंतर चैत्रात पालवी. तीही पावसाची वाट न बघता, भर उन्हाच्या तोंडावर! हा काय वेडेपणा? पण झाडांना दिवस मोठा होत चालल्याचं कळतं. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनच्या अखेरीस तो १३ तासांच्या थोडा वर जातो. बरीचशी झाडं हा फरक ओळखतात, आणि पाऊस येईपर्यंत पानं तयार ठेवतात. पहिल्या सरीपासून कामाला सुरुवात. ही कोवळी पानं पुष्कळदा हिरवी नसतातच. पिंपळाची तांबूस, कुसुंबाची तर लालेलाल. तो लाल रंग कोवळ्या पानाला उन्हापासून वाचवतो, हिरवं हरितद्रव्य मागाहून भरतं.

आता पिकल्या पानाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

पान गळतं म्हणजे काय होतं? वारा आला आणि ते तुटलं? करून बघा. जमिनीवर आपोआप पडलेलं एक पिकलं पान उचला आणि त्याच्या देठाचं टोक बघा. गुळगुळीत, नीट बंद झालेलं. शेजारी वाऱ्यावादळात फाटून पडलेलं एखादं हिरवं पान असेल, तर त्याचंही टोक बघा. तिथे धागे लोंबताहेत, साल सोललेली आहे. पहिलं पान गळलं, दुसरं तुटलं.

देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, तिथे बारीक पेशींचा एक पट्टा असतो. पान जोमात असतं तोवर ते ऑक्सिन नावाचं रसायन देठातून खाली पाठवत राहतं, आणि ते येतंय तोवर पट्टा स्वस्थ असतो. पान जुनं झालं की ऑक्सिन कमी पडतं आणि इथिलीन वायूचा अंमल वाढतो. (हाच तो वायू, जो आंब्याच्या आढीत आंबे पिकवतो.) मग त्या पट्ट्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळवायला लागतात. फांदीच्या बाजूला बुचाचा थर चढतो, म्हणजे जखम उघडी राहायला नको. शेवटी पान नावापुरतं टेकलेलं असतं. तेव्हा कुठे वारा येतो आणि श्रेय घेऊन जातो.

आणि हे होण्याआधी पान आणखी एक काम उरकतं. आपल्या आतलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून प्रथिनांतला नायट्रोजन, तसाच फॉस्फरस, ते फांदीकडे परत पाठवतं. बऱ्याच झाडांमध्ये पानातला निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असा परत जातो. हिरवा रंग उतरतो आणि आधीपासूनच खाली दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. पिकलं पान पिवळं का, तर त्यानं देण्यासारखं होतं ते दिलेलं असतं म्हणून.

याचा पुरावा तुमच्या घरच्या लग्नकार्यात सापडेल. मांडवाला आंब्याचे डहाळे बांधतात ना? मांडव उतरवायला उशीर झाला तर त्यांच्याकडे बघा. पानं वाळतात, करपतात, चुरचुरीत होतात, पण फांदीला चिकटून राहतात. का? कारण डहाळा झाडापासून तुटला, आणि देठाशी तो पट्टा कामाला लावायला कुणी जिवंतच उरलं नाही. मेलेल्या फांदीला पानं गाळता येत नाहीत. तेव्हा माघात एखादं झाड भराभरा पानं टाकताना दिसलं, तर समजा की स्वारी ठणठणीत आहे. मेलंय की काय, अशी शंका घ्यायचीच असेल तर ज्याची वाळकी पानं महिनोन्‌महिने फांदीवर तशीच आहेत त्याची घ्या.

आता जरा तोंड उघडा.

तुमचं वय सहा ते बाराच्या मध्ये असेल, तर तुमच्या तोंडात सध्या पानगळ चालू आहे. दुधाचे दात वीस. ते एकेक करून हलतात आणि पडतात. पडलेला दात छपरावर फेकायच्या किंवा तुळशीत पुरायच्या आधी नीट बघा. वरचा भाग जागच्या जागी, पण मूळ? जवळजवळ नाहीच. दाताला मूळ नसतं असं नाही, चांगलं लांब असतं. पण खालून पक्का दात वर यायला लागला की खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. मग तो हलायला लागतो, आणि मग एका संध्याकाळी भाकरीच्या घासात निघून येतो. पिकलं पान आणि दुधाचा दात, दोघांनाही आधी आतून सोडवलेलं असतं. तर मंडळी, कवी ज्यांना वसंत म्हणतात त्यांच्याच तोंडात पानगळ, आणि ज्या आजीला शिशिर म्हणतात तिची ही पानगळ साठ वर्षांपूर्वीच उरकलेली!

केसांचंही बघा. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळतात, तुमचेसुद्धा. प्रत्येक केसाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. दोनापासून सहा वर्षं वाढायचं, मग काही महिने विश्रांती, मग गळायचं, आणि त्याच जागी नवा. सगळ्या केसांचं वेळापत्रक एकच असतं, तर आपण दर काही वर्षांनी टकले होऊन परत केसाळ झालो असतो. शाळेच्या फोटोत काय मजा आली असती. आंबा आणि जांभूळ याच पद्धतीनं सदाहरित दिसतात. पानं त्यांचीही गळतात, पण थोडी थोडी, त्यामुळे झाड कधी उघडं पडत नाही.

एकदम सगळं गाळणारे प्राणी बघायचे असतील तर घाट उतरून कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जा. तिथे चितळ आणि सांबर आहेत. नरांच्या डोक्यावर फांद्याफांद्यांची शिंगं असतात आणि ती दरवर्षी गळून पडतात. कशी गळतात, आता तुम्हीच सांगाल. हाडं विरघळवणाऱ्या पेशी शिंगाच्या बुडाशी काम सुरू करतात, जोड पोकळ होतो, शिंग पडतं. मग मखमली कातडीत गुंडाळलेलं नवं शिंग फुटतं आणि काही महिन्यांत पुरं होतं. चितळांची गंमत अशी, की कळपातले सगळे नर हे एकाच वेळी करत नाहीत. एकाची शिंगं पुरी झालेली, शेजारच्याची मखमलीत, तिसऱ्याचं डोकं मोकळं. काळविटाच्या शिंगांशी मात्र ताडून बघा. ती पिळदार शिंगं जन्मभराची असतात, कधी गळत नाहीत.

मोराला विसरून चालणार नाही. कवितेतला मोर बघावा तेव्हा पावसात नाचत असतो. पाऊस ओसरायला लागला की त्याच्या पिसाऱ्याची लांब पिसं गळायला लागतात, आणि पुढचे काही महिने तो आखूड शेपटी घेऊन जरा ओशाळल्यासारखा हिंडतो. ओशाळल्यासारखा हे माझं, त्याला तसं वाटत असेल असा काही दाखला नाही.

मग कवी अगदीच चुकले का? नाही. चितळाकडेच परत जाऊ. शिंगं दरवर्षी नवी येतात हे खरं, पण सगळी सारखी येत नाहीत. लहान नराला आधी नुसते सुळके फुटतात. वर्षामागून वर्षं शिंगं मोठी होत जातात, भर उमेदीत सर्वांत मोठी येतात आणि म्हातारपणी पुन्हा लहान किंवा वेडीवाकडी यायला लागतात. म्हणजे दरवर्षाचं एक छोटं ऋतुचक्र आहे, आणि ही छोटी चक्रं मिळून सबंध आयुष्याचा एक मोठा चढउतार आहे. हा मोठा चढउतार कवींना बरोबर दिसला होता.

झाडातही छोटी चक्रं मोजता येतात. साग पावसात वाढतो आणि कोरड्या दिवसांत पानं गाळून थांबतो, त्यामुळे त्याच्या खोडात वर्षाला एक वर्तुळ पडतं. पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. पुण्यातच, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वर्तुळांवरून जुन्या काळातले पावसाळे कसे होते ते शोधलं आहे.

पण झाडात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे, आणि तिथे उपमा अडखळते. तुमच्या हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथे हाड वाढतं म्हणून तुमची उंची वाढते. सोळा ते वीस वर्षांच्या दरम्यान त्या पट्ट्यांचं पक्कं हाड होतं, आणि मग कितीही लोंबकळलात तरी उपयोग नाही. झाडाच्या शेंड्याला असा थांबा नसतो. शंभर वर्षांच्या वडाच्या टोकावरचं पान आठ दिवसांचं असू शकतं. तेच झाड बुंध्याशी पणजोबा आणि शेंड्याला तान्हं. आपण दोन्ही एकदम नसतो.

माझं मत विचाराल तर कवींनी माणसाची तुलना सबंध झाडाशी केली, तिथे घोळ झाला. माणूस एका पानासारखा आहे. झाडासारखं आहे ते घराणं, गाव, भाषा. पान एकदाच कोवळं असतं, एकदाच पिकतं, आणि गळण्याआधी आपल्यातलं बरंच काही मागे देऊन जातं. अशी दोन पानं बघू. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत, पेरणीची, मोटेची, सुगरणीच्या खोप्याची. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती वहीत उतरली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक निघालं १९५२ साली. आज तुमच्या पाठ्यपुस्तकात तीच गाणी आहेत. (जाता जाता, खोपा विणतो नर सुगरण. बहिणाबाईंनी कौतुक मादीचं केलं. कात्रजच्या तळ्याकाठी पावसाळ्यात खोपे दिसले, तर कोण विणतंय ते बघा. डोकं पिवळंधमक असेल तो नर.)

आणि बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० सालचा, धरणगावचा. १९०७ साली जळगावला कवींचं संमेलन भरलं, तेव्हा हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांनीच त्याला "बालकवी" ही पदवी दिली. आता गंमत ऐका. हे कीर्तिकर स्वतः कवी तर होतेच, पण पेशानं डॉक्टर आणि पक्के वनस्पतिशास्त्रज्ञ! भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्यांनी बामनदास बसूंच्या सोबतीनं लिहिलेला मोठा ग्रंथ १९१८ साली छापला गेला. म्हणजे श्रावणावर आणि फुलांवर लिहिणाऱ्या आपल्या कवीला नाव दिलं ते फुलांचे पुंकेसर मोजणाऱ्या माणसानं. त्याच १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या वाट्याला कवींच्या हिशेबातला शरद आलाच नाही, हेमंत तर दूरच. पण श्रावण आला की शाळाशाळांतून अजून त्यांचीच कविता म्हटली जाते.

कवितांचा शास्त्राला उपयोग होतो का? होतो. जपानमध्ये क्योतो शहरात साकुराची, म्हणजे चेरीची, झाडं कधी फुलली याच्या नोंदी तिथल्या दरबारी लोकांनी, भिक्षूंनी रोजनिशीत आणि कवितांत करून ठेवल्या होत्या. यासुयुकी आओनो या संशोधकांनी त्या गोळा केल्या आणि १२०० वर्षांतल्या बहराच्या तारखांची रांग लावली. २०२१ साली बहर २६ मार्चला आला, तोवरच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकर. हवा तापत चालली आहे, हे त्या जुन्या कवींच्या मदतीनं कळलं. बिचाऱ्यांना आपण हवामानशास्त्र लिहितोय याची कल्पनाही नसेल.

आपल्याकडे कालिदासानं "ऋतुसंहार" लिहिलं ते सहा ऋतूंवर. सुरुवात ग्रीष्मापासून, शेवट वसंतानं. दुर्गाबाई भागवतांनी "ऋतुचक्र" लिहिलं ते महिन्यामहिन्यानं, कुठल्या महिन्यात कुठलं झाड काय करतं ते डोळ्यांत तेल घालून बघत. पण "आज अमुक तारखेला, कात्रजच्या अमुक वळणावर, पांगाऱ्याला पहिलं फूल" असली नोंद करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. "सीझनवॉच" नावाच्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं हेच करतात. एक झाड धरायचं, आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जायचं आणि लिहायचं: कोवळी पानं किती, पिकली किती, कळ्या, फुलं, फळं आहेत का. लिहिताना एखादी ओळ कवितेची झाली तर खोडू नका, मात्र शेजारी तारीख टाका.

झाड निवडायचं तर पांगारा निवडा, तो सगळ्यांत जास्त फसवतो. फक्त काट्यांपासून सांभाळा आणि डोंगरात मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. आणि त्याच फेरीत चितळांची शिंगं बघायची असतील तर बुधवार टाळा. प्राणिसंग्रहालय त्या दिवशी बंद असतं, आणि कात्रजपर्यंत येऊन फाटकावरून परत जायचं म्हणजे तुम्हालाच घाट दाखवल्यासारखं होईल.